पाथराईची हंडी

गाभारा रिकामा दिसतोय म्हणून गोंधळू नका. चोरी झालेली नाही. आमची देवी आज बाहेर गेली आहे, ती बघा, पलीकडे अंगणात, चुलीवर.

हो, ती हंडीच. अखंड दगडातून कोरलेली. चार माणसं लागतात उचलायला. बाकीचे सगळे दिवस ती इथे चौथऱ्यावर असते, तिलाच आम्ही कासरवणेकर पाथराई म्हणतो, तिलाच हळदकुंकू वाहतो. भात झोडून झालं की एक दिवस तिला चुलीवर चढवतात आणि दोन्ही वाड्या तिच्यातलं जेवतात. तुम्ही नेमके आजच आलात. मी इथला गुरव, दत्ताराम. अन्न शिजायला अजून थोडा वेळ आहे, तोवर या पायरीवर बसा. देवी हंडी कशी झाली ते सांगतो.

फार जुनी गोष्ट. तेव्हा देऊळ नव्हतं. वडाखाली देवीचा एक ओबडधोबड तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड होता, आजही आहे. मधला हा व्हाळ, हा ओढा, तेवढा होता आणि त्याच्या दोन बाजूंना वरची वाडी आणि खालची वाडी. दोन्हींत सोयरीक पिढ्यान्‌पिढ्यांची, पण बारा वर्षं कोणी कोणाकडे पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. कारण म्हणाल तर खालच्या वाडीतल्या एका लग्नाची पंगत. वरच्या वाडीचा विसाजी पानावर बसलेला, आणि वाढपी रिकामं भांडं घेऊन त्याच्यापुढून गेला. भात संपला होता. विसाजी कोऱ्या पानावरून उठला, त्याच्यामागे सगळी वरची वाडी उठली.

याच विसाजीची धाकटी बहीण आवडू त्याआधीच खालच्या वाडीत दिलेली होती. नवरा सखोबा पाथरवट. त्याच्या हाताखाली राहून तीही छिन्नी चालवायला शिकली होती. देवीची मूर्ती घडवायची म्हणून सखोबाने सड्यावरून, वरच्या कातळ-माळावरून, शंखजिऱ्याचा मऊ, निळसर दगड आणला. आधी त्याने खालच्या भागावर पानांची वेल कोरली. वेल पुरी झाली आणि तो तापाने गेला. वर देवीचा चेहरा व्हायचा होता तो राहिलाच. आवडू रोज त्या दगडाला पाणी घालायची, दिवा लावायची.

अशात एका वर्षी, भात नुकतं घरात आलेलं असताना, पेंढारी आले. माणसं जंगलात पळाली म्हणून वाचली. परतून बघतात तर तांब्यापितळेचं एक भांडं शिल्लक नाही आणि मातीचं एक मडकं धड नाही. कुंभारवाडा लुटारूंच्या वाटेवरच होता, तोही उजाड झालेला. वरच्या वाडीने जमिनीत पेवं केली होती, त्यांचा तांदूळ वाचला. खालच्या वाडीकडे पोतंभर कुळीथ, थोडी नाचणी आणि झाडावरचे नारळ. निखाऱ्यावर नाचणीचा गोळा भाजून मोठी माणसं दिवस काढत होती. पण पोरांना आणि आजाऱ्यांना पेज हवी. पेज कशात शिजवणार? खालच्या वाडीतलं एक मूल तिसऱ्या दिवशी डोळे उघडेना, असं सांगतात.

आवडू आमच्या मूळपुरुषाकडे, धोंड गुरवाकडे आली.

"काका, तो देवीचा दगड आगीला टिकतो. यांनी त्याच्या एका तुकड्याची पणती केली होती, वर्षभर जळली, तडकली नाही. मी त्याची हंडी करते."

धोंड गुरव हबकला. "देवीला दिलेला दगड तो, आवडू. मला विचारू नकोस. तिला विचार."

कौल लावला. पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या तांदळ्याच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दोन्ही वाड्या आपापल्या काठावर उभ्या. सूर्य डोक्यावर आला, पाकळ्या वाळल्या, एकही पडली नाही.

गुरव म्हणाला, "देवी बोलत नाही."

"मग मी ठरवते," आवडू म्हणाली. "चुकलं तर दोष माझा एकटीचा. हंडी चुलीवर चढेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही."

आणि तिने छिन्नी लावली. चेहरा जिथे व्हायचा होता तिथूनच ती आत पोखरत गेली. नवऱ्याची वेल मात्र तिने जपली, तीच हंडीच्या पोटावर आली. पहिल्या दिवशी लोक लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी बायका वाळू घेऊन आल्या आणि आतून घासायला बसल्या. तिसऱ्या दिवशी विसाजीच्या घरची माणसं व्हाळ ओलांडून आली. आगीत तडकू नये म्हणून खोबरेल काढून हंडीला पाजायचं होतं, त्याला हात कमी पडत होते. विसाजी स्वतः आला नाही.

चौथ्या दिवशी हंडी मंद आचेवर चढवली. पाणी कोमट झालं आणि खाड्‌कन आवाज आला. सगळं गाव जागच्या जागी थिजलं, म्हणे. आवडूने वाकून बघितलं. काठाचा टवका उडाला होता, पण हंडी धड होती. तिने आणखी दोन लाकडं आत सारली. पाण्याला आधण आलं तेव्हा बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि व्हाळाच्या पलीकडून विसाजी खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन पाण्यात उतरला होता.

आधी पेज झाली, ती पोरांच्या आणि आजाऱ्यांच्या ओठांना लागली. जे मूल डोळे उघडत नव्हतं ते संध्याकाळी आईचा पदर ओढायला लागलं. दुसऱ्या दिवशी तांदूळ, कुळीथ, ओलं खोबरं, सगळं एकत्र शिजवलं. पाऊणशे माणसं जमली आणि तिथेच सगळं अडलं. आधी कोणाला वाढायचं? वरच्यांना वाढलं तर खालचे रुसणार, खालच्यांना वाढलं तर बारा वर्षांची आग पुन्हा पेटणार. ओळीत कोणी बसेना.

आवडूने हंडी अंगणाच्या मधोमध ठेववली. "ओळ नको. हिच्याभोवती गोल बसा. सगळ्यांत लहान जीव कोणता, तो आधी."

वयावर कोण भांडणार? वरच्या वाडीतली सात महिन्यांची पोर पहिली, मग खालच्या वाडीतला वर्षाचा पोरगा. असं वाढत वाढत जायचं. विसाजीचा नंबर जवळजवळ शेवटी होता. तो हंडीकडे टक लावून बसलेला. त्याच्या मनात काय असेल ते सगळ्यांना कळत होतं. आवडूने नारळाच्या डोईने, म्हणजे करवंटीच्या पळीने, तळातून भात काढला, त्याच्या पानावर घातला. भातातून वाफ येत होती.

"अजून गरम आहे गो," विसाजी म्हणाला.

पान संपलं. मग तो म्हणाला, "आवडू, आणखी वाढ."

तिने वाढलं. आणि स्वतः शेवटी बसली, तेव्हाही हंडीत तिला पुरेल इतकं होतं. कुणी म्हणतं देवीची करणी, कुणी म्हणतं दगड ऊब धरतो आणि आवडूचा हात मापात होता. मी दोन्ही सांगतो.

पुढे देऊळ बांधलं. मूर्तीसाठी दुसरा दगड आणू का, म्हणून कौल लावला. डावी पाकळी पडली. हंडीच बसवू का, म्हटल्यावर उजवी अशी टपकन पडली की गुरवाचा हात मागे यायच्या आत खाली.

आजही कासरवण्यात लेक सासरी निघाली की तिला वेल कोरलेलं दगडी भांडं देतात, आणि सणाचं जेवण त्यातच शिजतं, त्यातूनच वाढतात. आजही हंडीभोवती ओळ धरत नाहीत. बघा, झाकण काढलं. आला ना वास? चला, हात धुवा. थांबा, ताई, तुमच्या कडेवरची ही पोर किती महिन्यांची?

पाच? आमच्याकडचा सगळ्यांत लहान आठ महिन्यांचा आहे. मग हिला घेऊन पुढे या. यंदा पहिली पेज हिच्या ओठाला.