तिळूची पहिली कोळंबी

जिथे नदीचं गोड पाणी खारट होतं, तिथे एक घर होतं. घरावर लाल कौलं. अंगणात एक उंच माड. माडापलीकडे खाडी.

घरात राहायची चांगुणाआत्या. आत्याबरोबर राहायचे आतोबा. आणि चुलीजवळ, उबेला, राहायची तिळू.

तिळू म्हणजे मांजरीचं पिल्लू. एवढंस्सं! अंग पांढरं. नाक गुलाबी. नाकावर तिळाएवढा काळा ठिपका. म्हणून ती तिळू.

त्या घराची एक रीत होती. जो जाळं राखेल, त्याला पहिली कोळंबी.

आज आतोबांनी अंगणात जाळं वाळत घातलं. तिळू जाळ्यावर बसली. सकाळी बसली. दुपारी बसली. उंदीर आला नाही. जाळं कुरतडलं नाही.

तिळूनं आजवर कोळंबी खाल्ली नव्हती. नुसता वास घेतला होता. आज तिची पहिली कोळंबी!

संध्याकाळ झाली. आकाश जांभळं झालं. आत्यानं कोळंबी सोलली. तिच्या पाठीतला काळा दोरा काढला. हळद लावली. मीठ लावलं. आंबट आंबट कोकम लावलं. मग चूल पेटवली. चुलीवर एकीकडे भात, एकीकडे तवा. तव्यात तेल, तेलात लसूण. आत्यानं एक एक कोळंबी तव्यात निजवली.

"यातली पहिली तिळूची," आत्या म्हणाली.

"तिची कशी?" आतोबा हसले. "ती तर जाळ्यावर घोरत होती!"

"घोरेना का! उंदीर आला का?"

"नाही आला."

"मग? झोपून राखलं, तरी राखलंच ना!"

"अगं, तिच्या तोंडापेक्षा कोळंबी मोठी आहे!"

"असू दे. तुमच्या तोंडापेक्षा ताट मोठं असतं. तुम्ही नाही का जेवत?"

बोलता बोलता भाताची पेज उतू गेली. शूंऽऽऽ! पेज चुलीत पडली. लाकडं भिजली. चूल विझली.

"अगंबाई!" आत्या म्हणाली. "अहो, सुकं सरपण आणा."

आतोबांनी डोकं खाजवलं. "सुकं सरपण? ते संपलं."

"संपलं? गेलं कुठे?"

"आंघोळीला. पाणी जरा जास्तच तापवलं."

"तरीच एवढे लाल दिसताय! तुम्ही शिजलात, आणि कोळंबी राहिली कच्ची!"

तिळूनं तव्यात डोकावून पाहिलं. कोळंब्या सरळ निजल्या होत्या. आत्या नेहमी म्हणायची, "सरळ ती कच्ची, वाकली ती पक्की."

"म्यांव," तिळू म्हणाली. "आत्या, माझा वाटा?"

"कच्ची नाही हं द्यायची, बाळा. पोटात दुखेल. चूल पेटली, की देईन."

मग तिळू चुलीजवळ गेली. लुटू लुटू, लुटू लुटू.

"काय गं तिळू, मिश्या का पडल्या?" चूल म्हणाली.

तिळू म्हणाली,
"तवा तापेना,
कोळंबी वाकेना,
माझा वाटा मला मिळेना!
चूलबाई, चूलबाई, पेट ना गं!"

चूल राखेतून पुटपुटली. "माझा निखारा झोपलाय. सुकी झावळी दे, मग पेटेन. त्याशिवाय नाही बाई!"

मग तिळू माडाकडे गेली. लुटू लुटू, लुटू लुटू. माड आकाशात डोकं ठेवून उभा होता.

"काय गं तिळू, मिश्या का पडल्या?" माड म्हणाला.

तिळू म्हणाली,
"चूल पेटेना,
तवा तापेना,
कोळंबी वाकेना,
माझा वाटा मला मिळेना!
माडदादा, माडदादा, झावळी दे ना रे!"

माड उंचावरून बोलला. "आहे एक सुकी झावळी. पण वाऱ्यानं हलवलं, तर ती सुटेल. त्याशिवाय नाही बुवा!"

मग तिळू वाऱ्याला शोधायला गेली. लुटू लुटू, लुटू लुटू. वारा गवतात नव्हता. वारा केळीत नव्हता. खाडीकाठी चिखलात एक होडी होती. होडीत शिडाची घडी होती. तिळूनं घडीला कान लावला. आत कोण घोरत होतं? घुर्रर्र, घुर्रर्र. वारा!

"काय गं तिळू, मिश्या का पडल्या?" वारा झोपेतच म्हणाला.

तिळू म्हणाली,
"माड झावळी देईना,
चूल पेटेना,
तवा तापेना,
कोळंबी वाकेना,
माझा वाटा मला मिळेना!
वारेदादा, वारेदादा, माड हलव ना रे!"

वाऱ्यानं कूस बदलली. "मी शिडात गुंडाळलोय. होडीनं शीड उघडलं, तर बाहेर येईन. त्याशिवाय नाही बुवा!"

मग तिळू होडीच्या टोकाशी गेली. लुटू लुटू, लुटू लुटू. टोकावर होडीचे दोन डोळे रंगवलेले होते. डोळे अर्धे मिटलेले.

"काय गं तिळू, मिश्या का पडल्या?" होडी म्हणाली.

तिळू म्हणाली,
"वारा माड हलवेना,
माड झावळी देईना,
चूल पेटेना,
तवा तापेना,
कोळंबी वाकेना,
माझा वाटा मला मिळेना!
होडीताई, होडीताई, शीड उघड ना गं!"

होडी हळूच कुरकुरली. "मी चिखलात बसलेय. चिखलात का कुणी शीड उघडतं? खाडीनं मला उचललं, तर उघडेन. त्याशिवाय नाही बाई!"

मग तिळू खाडीकडे गेली. लुटू लुटू, लुटू लुटू. खाडी लांब गेली होती. ओली वाळू, ओली वाळू, आणि मग पाणी. पाणी गप्प होतं.

"काय गं तिळू, मिश्या का पडल्या?" खाडी म्हणाली.

तिळू म्हणाली,
"होडी शीड उघडेना,
वारा माड हलवेना,
माड झावळी देईना,
चूल पेटेना,
तवा तापेना,
कोळंबी वाकेना,
माझा वाटा मला मिळेना!
खाडीमावशी, खाडीमावशी, होडी उचल ना गं!"

खाडीनं जांभई दिली. चुबुक. "चांदोमामा बोलावतो, तेव्हा मी वर येते. त्यानं बोलावलं, तर येईन. त्याशिवाय नाही बाई!"

तिळूनं वर पाहिलं. वर नुसता ढग. मऊ मऊ, राखाडी, गोधडीसारखा. ढगाच्या कडेला काहीतरी चमकलं. बारीकसं. नखाएवढं.

तिळू एका दगडावर चढली. मान वर केली.

"काय गं तिळू, मिश्या का पडल्या?" गोधडीतून चांदोमामा म्हणाला.

तिळू म्हणाली,
"खाडी होडी उचलेना,
होडी शीड उघडेना,
वारा माड हलवेना,
माड झावळी देईना,
चूल पेटेना,
तवा तापेना,
कोळंबी वाकेना,
माझा वाटा मला मिळेना!
चांदोमामा, चांदोमामा, खाडीला बोलाव ना रे!"

चांदोमामानं गोधडी जराशी सरकवली. किती बारीक झाला होता तो!

"मी रोज खाडीला बोलावतो," चांदोमामा म्हणाला. "खाडीबरोबर कोळंबी येते. आत्या खाते. आतोबा खातात. मला मात्र कुणीच वाटा देत नाही. बघ, उपाशी राहून कसा झालोय! मला वाटा मिळाला, तर बोलावेन. त्याशिवाय नाही बुवा!"

तिळू दगडावर बसली.

तिची कोळंबी एकच. तीही पहिली. तीही अजून खाल्लेली नाही.

तिळूनं एक पाय चाटला. मग दुसरा पाय चाटला. मग हळूच म्हणाली, "मामा, अर्धी चालेल?"

"अर्धी?" चांदोमामा म्हणाला. "अर्धी तुला, अर्धी मला?"

"अर्धी मला, अर्धी तुला."

"आणि विसरलीस तर?"

"नाही विसरणार. म्यांव!"

चांदोमामा हसला. गोधडी बाजूला झाली. सगळीकडे चांदणं सांडलं. दुधासारखं.

"ये गं खाडी, ये," चांदोमामा म्हणाला.

खाडी आली. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक.
खाडीनं होडी उचलली. डुलुक डुलुक, डुलुक डुलुक.
होडीनं शीड उघडलं. फडाड!
शिडातून वारा सुटला. भुर्रर्र!
वाऱ्यानं माड हलवला. सळसळ, सळसळ.
माडानं झावळी सोडली. धप्प!

"अहो, काय पडलं?" घरातून आत्या म्हणाली.

"झावळी! सुकी झावळी!" आतोबा ओरडले. "आणू का?"

"नको, तिच्यावरही आंघोळीचं पाणी तापवा!"

आतोबा धावत गेले आणि झावळी घेऊन आले.
झावळीनं चूल पेटली. तडतड, तडतड.
चुलीनं तवा तापला. चुर्रर्र, चुर्रर्र.
तव्यात कोळंबी गुलाबी झाली. मग लाल झाली. मग हळूहळू, हळूहळू वाकली.

"सरळ ती कच्ची, वाकली ती पक्की," आत्या म्हणाली. "कुठे गेली माझी राखणदारीण?"

तिळू दारातून आली. लुटू लुटू, लुटू लुटू.

आत्यानं पहिली कोळंबी बशीत काढली. फू फू करून निववली. तिळूच्या पुढ्यात ठेवली. "घे बाळा. तुझा वाटा."

तिळूनं कोळंबी पाहिली. वाकडी, चमचमती. अगदी चांदोमामासारखी!

तिळूनं एक घास खाल्ला. अहाहा! जरा खारट. जरा आंबट. खूप खूप गोड.

अजून एक घास खाल्ला. अर्धी कोळंबी संपली.

अर्धी उरली.

तिळूचं नाक पुढे गेलं. अजून पुढे. अजून पुढे. मिश्या कोळंबीला लागल्या.

मग नाक मागे आलं.

तिळूनं अर्धी कोळंबी तोंडात धरली. चावली नाही हं! नुसती धरली. आणि निघाली. लुटू लुटू, लुटू लुटू.

"अगं, कुठे चाललीस?" आतोबा म्हणाले. "आवडली नाही वाटतं! मग मी खातो."

"तुम्ही बसा गप्प," आत्या म्हणाली. "वाटा तिचा आहे. नेईल कुठेही."

खाडी आता अंगणापर्यंत आली होती. पाण्यात चांदोमामा डुलत होता. तिळू पाण्याशी बसली. तिनं अर्धी कोळंबी हळूच सोडली. टुपुक!

पाण्यातला चांदोमामा मोडला. मग जुळला. मग हसला.

तिळू घरी आली. चुलीजवळ गोल झाली. मिश्या वर, शेपूट नाकावर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आकाश जांभळं झालं. आत्या अंगणात आली. तिनं वर पाहिलं.

"अहो, चांदोबा कालच्यापेक्षा जाड झालाय का हो?"

आतोबांनी वर पाहिलं. "झालाय खरा! कुणीतरी खायला घालतंय त्याला."

तिळूनं एक डोळा उघडला. चांदोमामाकडे पाहिलं. आणि मिटून घेतला.

वाटा मिळाला, चूल निजली.
होडी निजली, तिळू निजली.
चांदोमामा जागा आहे.
आता तूही नीज.