ठकूआजीची सुई

कुसळवाडीच्या शाळेत पहिलावहिला फळा आला, त्या काळातली ही गोष्ट. शाळेच्या वाटेवर ठकूआजी राहायची. जुनेरं जोडून वाकळा शिवायची. घरात ती आणि तिची सुई, तिसरं कोणी नाही. दिवस दिवस तिच्याशी कोणी बोलायचं नाही.

म्हणून ती खोटं बोलायला लागली. शाळा सुटली की उंबऱ्यावर बसून हाक मारायची, "बाळांनो, एवढी सुई ओवून द्या रे, म्हातारीला दिसत नाही!" दिसत नाही कसलं! आभाळातल्या घारीच्या पायात उंदीर आहे की सरडा, हे ती अंगणातून सांगायची, असं म्हणतात. पण पोरं थांबायची, दोऱ्याचं टोक थुंकीनं ओलं करायची, दोन शब्द बोलायची. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

एकदा केरबाची अंबू आली. सात वर्षांची. फळ्यावरचं सगळं चुकीचं उतरवते म्हणून गुरुजींनी तिला ढ ठरवलं होतं, आणि बाप तिला शाळेतून काढून शेरडांमागं धाडणार होता. पोर मान वाकडी करून ओवायला लागली. आजीनं गंमत म्हणून तिच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला.

"आजी, दार का गं लावलंस?"

दार सताड उघडं होतं. बाहेर लख्ख ऊन होतं. 

संध्याकाळी तिनं पारावर केरबाला गाठलं. "पोर ढ नाही रे. तिचा डावा डोळा झोपलाय. तालुक्याच्या डॉक्टरला दाखव, अजून वेळ आहे."

केरबा हसला. "मावशे, तुला सुई दिसंना, अन् माझ्या पोरीचे डोळे बघतीस व्हय?" सगळा पार हसला.

आजीला वाटलं, खरं सांगितलं तर उद्यापासून दारात कोण थांबणार? पण मग तिनं पदराला खोचलेल्या सुया काढल्या आणि केरबासमोर, संध्याकाळच्या अंधुक उजेडात, एका दमात एकवीस सुया ओवल्या. शेवटचीत तर कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवला, असं म्हणतात.

"दिसतं मला," ती म्हणाली. "पोरं थांबावीत म्हणून खोटं बोलत होते."

केरबा सकाळीच अंबूला घेऊन निघाला. डॉक्टरांनी चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली, आणि उपचारासाठी अंबू तालुक्याला मामाकडं राहिली. हळूहळू झोपलेला डोळा जागा झाला.

इकडं पोरं आजीच्या दारावरून पळत जायला लागली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आजीला दिसतंय की! आजी मात्र उंबऱ्यावरच बसायची. सुई ओवायची, दोरा काढायची, पुन्हा ओवायची. फार एकटी पडली बिचारी. अंबू परत आली तेव्हा उंबरा रिकामा होता. चौकटीत एक सुई तेवढी खोचलेली होती, बिनदोऱ्याची.

पुढं अंबूनं आपल्या लेकीला शाळेत घालायच्या आधी त्या उंबऱ्यावर आणलं. तेव्हापासून कुसळवाडीत शाळा उघडते त्या दिवशी प्रत्येक पोर तिथं एकदा डावा, एकदा उजवा डोळा झाकून सुई ओवतं. ज्याला जमत नाही, त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरकडं नेतात. आणि ओवण्याआधी प्रत्येकानं रिकाम्या घराकडं बघून मोठ्यानं म्हणायचं असतं, "आजी, दिसत नाही ना तुला? थांब, मी आलोय."