खारीने पुरलेल्या खुणा

सावरीच्या झाडांनी भरलेल्या एका रानात एक खार राहत असे. मोठी कष्टाळू, पण भारी विसरभोळी. हाती येईल ते मातीत पुरायचं आणि कुठे पुरलं ते विसरायचं, ही तिच्या घराण्याचीच खोड! एकदा तिने सावरीच्या कापसाच्या गाद्या विकायचं ठरवलं. दुकानासाठी सुतारपक्ष्याकडून ढोली कोरून घेतली, सुगरणीकडून दाराला पडदा विणून घेतला. दोघांना मिळून साठ शेंगा दिल्या. गाठीला एक शेंग तेवढी उरली. पोच म्हणून सुतारपक्ष्याने आपलं एक पीस दिलं आणि सुगरणीने गवताचं कडं.

गाद्या हातोहात खपल्या. हंगामाअखेर शंभर शेंगा जमल्या. खार आणि तिची तीन पिल्लं यांना पावसाळाभर नव्वद शेंगा लागणार होत्या, म्हणून ती हरखून गेली. तोच राजाच्या कोठाराचा कारभारी, म्हातारा कासव, दारात उभा राहिला. म्हणाला, "कमाईचा चौथा हिस्सा राजाचा. पण दुकान उघडण्यापूर्वी जो खर्च झाला, तो आधी वजा होतो. त्याची खूण मात्र दाखवायला हवी हं."

खारीने ढोलीत इकडेतिकडे पाहिलं. पीस आणि कडं, दोन्ही खुणा तर कुठेतरी पुरलेल्या! आपला वेंधळेपणा सांगायची तिला लाज वाटली. "खर्च काहीच नाही, आजोबा. पंचवीस घेऊन जा," असं ती म्हणाली खरी, पण पिल्लांकडे पाहताच तिचे डोळे भरून आले.

कासवाने ढोलीचं गोल गुळगुळीत दार न्याहाळलं. "हे काम तुझ्या दातांचं नव्हे, पोरी. मी उद्या येतो. आणि घाबरू नकोस, माझा उद्या चार दिवसांनी उजाडतो."

खारीने सगळं रान उकरलं. चौथ्या दिवशी ती ओढ्याकाठी थकून बसली, तर समोर ओल्या मातीत शेंगेचा कोंब! तेव्हा कुठे तिला आठवलं. काही पुरायचं तर सोबत एक शेंग पुरावी, असं तिची आई सांगत असे. कोंबाखालीच पीस होतं, आणि कडंही. आईच्या आठवणीने तिला रडूच आलं.

त्या खुणा पाहून कासवाने शंभरांतून साठ वजा केल्या आणि उरलेल्या चाळिसांचा चौथा हिस्सा, म्हणजे दहाच शेंगा उचलल्या. "विसरलीस, तर तसं सांगावं गं. मी काय तुला खाल्लं असतं?" तो म्हणाला आणि हळूहळू चालू लागला. त्या दिवसापासून पीस आणि कडं ढोलीच्या दारातच टांगलेलं असे. पिल्लांना ते खेळणं वाटे. खारीला मात्र त्यात पिल्लांच्या पंधरा शेंगा दिसत.

तात्पर्य : कमाई सुरू होण्यापूर्वीचा खर्च हाही खर्चच असतो, त्याची खूण जपावी आणि हक्काची वजावट मागायला लाजू नये.