विडा उचलण्यापूर्वी

एका राज्यात अशी रीत होती, की राजाच्या चाकरीत शिरणाऱ्याने वेतनाचा शब्द तोंडातून काढू नये. प्रधान तबकात विडा घेऊन पुढे येई, विचारी, "काय घ्याल?" माणूस मान खाली घालून म्हणे, "आपण द्याल ते." मग विडा उचलायचा, की झाली नेमणूक. रीत मोठी मर्यादाशील होती. एवढेच, की त्या माणसाला सूर्य मावळायच्या आत पंख फुटत.

म्हणून त्या दरबारात माणसे कमी आणि पाखरे फार. गावाकडचे लोक म्हणत, आमचा अमका दरबारी लागला, मोठा झाला, आता ओळख देत नाही. राजा उदयकेतू मात्र बेचैन होता. पाखरे दिवसभर काहीतरी सांगत आणि कोणाला काही कळत नसे. तेव्हा त्याने दवंडी पिटवली, की पाखरांची बोली जाणणारा दुभाषी हवा.

लखू कुंभाराची बायको शेवंती आश्रमात शिकलेली होती. बारा जातींच्या पाखरांची बोली तिला येई. पण घरात आठ महिन्यांची बकुळा होती, आणि शेवंतीच्या मनात शंका होत्या. पोर उपाशी राहील का? आपल्याला खरेच एवढे येते का? आश्रमातल्या गुरूंनी दयेपोटी तर शाबासकी दिली नसेल?

लखू चाकावरून मान न उचलता म्हणाला, "शंभर होन सांग. घासाघीस होईल, ऐंशीवर थांब."

"अहो, मी काय मडकं आहे?"

"मडक्याचा भाव मी छातीठोक सांगतो. तू तुझा सांगत नाहीस, म्हणून म्हटलं."

बकुळाला कडेवर घेऊन शेवंती निघाली. आंब्याखाली शंभराचे ऐंशी झाले, ओढा ओलांडताना साठ, वेशीपाशी चाळीस. देवडीवर पहारेकऱ्याने नाव विचारले, तेव्हा तिला वाटले, पदरचे दोन होन देऊन परत जावे.

दरबारात राजा सिंहासनावर होता. मागे कोठाराचा दरवाजा होता आणि त्यावर कुलपाऐवजी एक दगडी नारळ लटकत होता. दरवाजा साठ वर्षे उघडला नव्हता. प्रधान विचारदत्त तबक घेऊन पुढे आला.

"काय घ्याल?"

शेवंतीच्या जिभेवर शब्द आलाच होता. तिच्या आईने, आजीने, साऱ्या आळीने तोच शिकवला होता. इतक्यात झुंबरावरची एक साळुंकी फडफडत तिच्या खांद्यावर बसली आणि साळुंकीच्या बोलीत म्हणाली, "गिळ तो शब्द, पोरी. मी तुंगाबाई, इथली कोठीवाली. तेवढंच बोलले आणि अळ्या खाते आहे."

"कुणी केलं हे?" शेवंतीनेही त्याच बोलीत विचारले. प्रधानाला वाटले, बाईला उचकी लागली.

"कालमेघ मांत्रिकाने. राजाच्या आजोबांकडे बारा वर्षं राबला. आरंभी म्हणाला होता, द्याल ते. शेवटी हातात नारळ मिळाला. संतापून त्याने नारळाचा दगड केला, कोठाराला टांगला आणि त्या नारळातच जाऊन बसला. तेव्हापासून 'द्याल ते' म्हणणाऱ्याचं पाखरू होतं. नारळाला तीन डोळे असतात. विड्याला हात लावण्याआधी तीन गोष्टी माग. राजाचा होकार येईतो हात आवर."

"आणि मागितल्यावर चिडले तर?"

"ठाऊक नाही बाई. आजवर कुणी मागितलंच नाही."

पंख फुटले तर बकुळाला कडेवर कोण घेणार? पोरीचे वजन तिला एकदम जाणवले, आणि त्या वजनाने पाय जमिनीवर टेकले.

"महाराज," ती म्हणाली, "महिना शंभर होन."

एक पोपट दांडीवरून घसरला.

राजा म्हणाला, "कोठार बंद आहे, बाई. शंभर होन जड जातील. चाळीस चालतील?"

चाळीस! वेशीपाशी तिनेच ठरवलेला आकडा. हो म्हणावे आणि सुटावे. पण तिला चाकावरचा लखू आठवला.

"बारा बोली येणारं दुसरं कोणी असेल, तर त्याला चाळीस द्यावे. मला शंभर. कोठार उघडेपर्यंत धान्य दिलंत तरी चालेल."

राजाने दाढी कुरवाळली. "रास्त आहे. दिले."

नारळाचा एक डोळा उघडला. पोपटांची माणसे झाली.

प्रधानाने घाईने तबक पुढे केले. "झालं ना? उचला."

"दिवेलागणीला मी घरी पोचेन," शेवंती म्हणाली.

"दरबाराला वेळकाळ नसतो," प्रधान म्हणाला.

"पाखरांना असतो. अंधार पडला की ती बोलत नाहीत. मी बसून काय करू?"

राजा हसला. "दिले." दुसरा डोळा उघडला. कावळ्यांची माणसे झाली आणि उगीचच एकमेकांच्या पागोट्यांकडे संशयाने पाहू लागली.

तबक तिसऱ्यांदा आले. विड्यावरची लवंग चमकत होती, आणि बकुळाने त्यावर झडप घातली. इवली बोटे विड्यापासून तांदूळभर अंतरावर असताना शेवंतीने ती पकडली. पोरीने भोकाड पसरले, ते झुंबरापर्यंत घुमले.

"तिसरी गोष्ट हीच," शेवंती रडण्यावर आवाज चढवून म्हणाली. "दरबारात पाळणा हवा. माझ्या आसनाशेजारी."

"सिंहासनासमोर पाळणा?" प्रधानाने तबक छातीशी धरले.

"पोरीचं तोंड बंद व्हायचं असेल, तर लवकर बांधा," राजा कानांवर हात ठेवून म्हणाला. "दिला!"

तिसरा डोळा उघडला. नारळ तडकला, गोड पाणी पायऱ्यांवरून वाहिले, कोठाराचे दरवाजे उघडले, साळुंक्यांच्या बाया झाल्या. आणि करवंटीतून पांढऱ्या दाढीचा कालमेघ डोळे चोळत बाहेर आला.

"पोरी, एवढंच बोलायचं होतं," तो म्हणाला. "मला बारा वर्षांत सुचलं नाही."

राजा उठून उभा राहिला. "आमच्या घराण्याने आपल्यावर अन्याय केला. आपण काय घ्याल?"

"आपण द्या—"

"थांबा!" सारा दरबार ओरडला.

कालमेघ लाजला, विचारात पडला. "बारा वर्षांची रजा," तो म्हणाला. "भरपगारी."

"दिली."

प्रधानाने तबक पुन्हा पुढे केले. शेवंतीने हात पुढे नेला आणि थांबवला. "महाराज, वर्षाने याच दिवशी पुन्हा बोलू."

"आता आणखी काय?" प्रधान पुटपुटला.

"ते वर्षाने सांगेन."

राजाने मान डोलावली. मग तिने विडा उचलला. लवंग बकुळाला नुसती हुंगायला दिली.

निघताना तुंगाबाई, मान अजून साळुंकीसारखी तिरकी करत, हळूच म्हणाली, "दीडशे म्हणाली असतीस तरी दिले असते गं."

शेवंतीला वेशीपर्यंत ते टोचत राहिले. ओढ्यापाशी ते निम्मे झाले. आंब्याखाली तिला हसू आले. दारात दिवा लागायचा होता. लखूने तिचे रंगलेले ओठ पाहिले.

"किती?"

"शंभर."

"ऐंशीवर नाही आलीस?"

"मी मडकं आहे का?"

त्या दिवसापासून त्या राज्यात आधी बोलणे होते, मग विडा. मागणाऱ्याची जीभ सैल राहो, देणाऱ्याचे कोठार उघडे राहो, आणि ऐकणारे दिवेलागणीला घरी पोचोत.