सगुणानं अंगण झाडलं

चीन देशात डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. त्याचं नाव सांगत नाही, आपली जीभ वळायची नाही. तिथल्या शाळेला इंग्रजी शिकवणारं माणूस मिळेना, म्हणून आपल्या माणदेशातली सगुणा तिकडे गेली. त्या मुलखात शिकवणाऱ्याला लाओशी म्हणतात. पोरं तिला लाओशी म्हणायची आणि पोरांचं ऐकून सारं गाव म्हणायचं.

तिला राहायला जागा दिली वेई आजीनं. घरात आजी आणि तिची नवी सून युएलान, दोघीच. मुलगा शहरात वीटभट्टीवर कामाला होता. सगुणा मांस खात नाही, म्हणून आजीनं तिची कढई वेगळी ठेवली होती. शेजारणी हसल्या तर आजी म्हणायची, "लांबून आलीय. तिची जीभही लांबचीच असणार."

बघता बघता त्यांच्या नव्या वर्षाचा सण आला. दारावर लाल कागद लागले. आदल्या दिवशी तिघी मिळून सणाच्या करंज्या भरायला बसल्या. आपल्यासारख्याच असतात त्या, फक्त तळत नाहीत, पाण्यात उकडतात. सगुणानं चिमटीनं अशी नाजूक मुरड घातली की आजी बघतच राहिली. "युएलान, बघ जरा! आणि तुझ्या बघ, झोपलेल्या म्हशी!" युएलान लाजून हसली. सगुणासाठी कोबी-अंड्याच्या वेगळ्या केल्या होत्या. दिवस मावळताना घरोघर फटाक्यांच्या लांब माळा उडाल्या.

दुसऱ्या दिवशी सगुणा सगळ्यांच्या आधी उठली. सणाचा दिवस आणि बाईमाणूस अंथरुणात, हे तिच्या आईनं कधी चालवून घेतलं नव्हतं. बाहेर येऊन बघते तर काय! अंगणभर फटाक्यांच्या लाल कागदांचा खच. सगुणाचा जीव कळवळला. एवढ्या मोठ्या सणाला हे असं अंगण? आजीनं आपल्यासाठी एवढं केलं, आज आपण तिचं अंगण लख्ख करून देऊ. तिनं झाडू शोधला. तो धान्याच्या कणगीमागे सापडला. सगुणानं कोपरान् कोपरा झाडला, टोपली भरभरून कागद फाटकाबाहेर बर्फाळ उतारावर फेकले, झाडू भिंतीला टेकवला आणि हातपाय धुवायला आत गेली.

थोड्या वेळानं अंगणात आजीची किंकाळी उठली.

आता तुम्ही म्हणाल, झाडलेल्या अंगणात ओरडण्यासारखं काय? तर त्या गावात नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी झाडू हातात घेत नाहीत. ते लाल कागद म्हणजे घरात आलेलं वर्षाचं भाग्य. ते झाडलं की भाग्यही झाडलं गेलं.

सणाच्या शुभेच्छा द्यायला शेजारची चू काकू आली होती. ती फाटकातच थबकली. "अगं बाई! नवी सून आली आणि पहिल्याच सणाला तिनं घर धुऊन काढलं!"

"मी नाही झाडलं, आई," युएलान म्हणाली.

"मग झाडू काय स्वतःच्या पायानं चालत आला?" आजी कडाडली. "पोरगा तिकडे भट्टीवर राबतोय. त्याचं भाग्य उकिरड्यावर टाकलंस! उद्या सुनांचा माहेरी जायचा दिवस आहे ना? जा. आणि मी निरोप धाडीपर्यंत इथलं तोंड बघू नकोस."

खिडकीआड सगुणानं सारं ऐकलं. तिच्यावर कुणाचाच संशय नव्हता. पाहुणीकडे बोट कोण दाखवणार? गप्प राहिली तर तिचं काही जात नव्हतं. बोलली तर छप्पर जाणार होतं, कदाचित शाळाही. अपशकुनी लाओशीकडे पोरं कोण धाडील?

तेवढ्यात युएलाननं मान वर केली आणि खिडकीकडे पाहिलं. सरळ सगुणाच्या डोळ्यांत. लगेच नजर खाली घातली. सगुणाला कळलं, हिनं सकाळी मला झाडताना पाहिलंय. पाहिलंय आणि तरी नाव घेत नाही.

मग सगुणाचा पाय आत थांबेना. ती अंगणात आली.

"आजी, झाडलं मी. युएलानला बोलू नका."

चू काकू फणकारली, "लाओशी, सुनेला पाठीशी घालू नका. परक्या माणसाला झाडूची जागा तरी ठाऊक असते का?"

"कणगीमागे होता. मला वाटलं, पडलाय."

आजी हळूच म्हणाली, "पडला नव्हता. मीच लपवला होता."



"आमच्याकडे सणाला अंगण झाडल्याशिवाय लक्ष्मी दारात येत नाही," सगुणा तोडक्यामोडक्या बोलीत म्हणाली. "तुमचं चांगलं व्हावं म्हणून झाडलं. पण विचारायला हवं होतं. चूक माझी आहे. तुम्ही सांगाल तर आजच खोली सोडते."

 आजी पायरीवर बसून राहिली.

सगुणानं टोपली उचलली आणि उतारावर गेली. बर्फात कागद विखुरले होते, ओले, चिकटलेले. ती बोटांनी एकेक सोडवून गोळा करू लागली. बोटं लाल झाली, मग बधिर झाली. पाठीमागे पावलं वाजली. युएलान आली होती. तीही बसली आणि वेचू लागली. पाऊण तास वेचूनही टोपली अर्धीच भरली. बाकीचे कागद वाऱ्यानं नेले होते.

दोघी टोपली घेऊन वर आल्या, तर चू काकू ओचा धरून फाटकात उभी. ओच्यात तिच्या अंगणातले कागद. "माझ्याकडे उदंड आहेत," ती आजीकडे न बघता म्हणाली. "आणि जिभेनं मीही सकाळी जरा जास्तच झाडलं." तिनं ओचा अंगणात रिकामा केला. ते पाहून समोरच्या घरातून एक बाई मूठभर घेऊन आली, मग वरच्या आळीतल्या दोघी. आपल्या दारचं भाग्य द्यायला कुणी मागेपुढे पाहिलं नाही. अंगण पुन्हा लाल झालं.

आजी उठली. चुलीवरच्या करंज्या वाडग्यात काढल्या आणि पहिला वाडगा सुनेपुढे ठेवला.

"मघाशी तू खिडकीकडे बघितलंस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. हिला झाडताना तू बघितलं होतंस. मग सांगितलं का नाहीस?"

"पाहुणी आपल्या घरची ना, आई. सणाच्या दिवशी तिला मान खाली कशी घालायला लावू?"

आजीनं डोळे पुसले. दुसरा वाडगा सगुणापुढे सरकवला. "खोली सोडायचं नाव काढलंस तर बघ. आणि पुढच्या सणाला हात शिवशिवले तर आधी मला उठव."

दुसऱ्या दिवशी युएलान माहेरी निघाली. आजीनं तिच्या पिशवीत फळं भरली, खांद्यावरची शाल नीट केली आणि दटावलं, "दिवस मावळायच्या आत परत ये. तुझ्याशिवाय मला घर खायला उठतं."

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या माथी बसत असेल, तर गप्प बसणं ही दुसरी चूक. पुढे होऊन ती आपली म्हणावी. मग ती निस्तरायला चार हात आपणहून येतात.