वाकडा बंब

घरोघरी तांब्याच्या बंबात आंघोळीचं पाणी तापायचं, त्या काळातली ही गोष्ट. एका तांबटआळीत एक तांबट राहायचा. हात चांगला, पण जीभ हातापेक्षाही चांगली. तो बोलायला लागला की ऐकणारा नुसता मान डोलवायचा.

एकदा धर्मशाळेच्या बाईंनी त्याला मोठा बंब करायला सांगितला. तांबटाने पत्रा ठोकणारा, शेगडी करणारा आणि तोटी बसवणारा अशा तिघांना तासभर समजावलं. 'हो मालक' म्हणून तिघे आपापल्या घरी कामाला लागले. बंब झाला झकास, पण तोटी इतकी खाली की बादलीच शिरेना. बाईंनी तो परत धाडला.

दुसऱ्या बंबाच्या वेळी तांबट दोन तास बोलला. आता तोटी वर गेली खरी, पण नेमकी शेगडीच्या तोंडावर. पाणी घेणाऱ्याचा हात भाजायचाच! बाईंनी निरोप पाठवला, की तिसराही बिघडला तर काम दुसऱ्या आळीत जाईल. चार घरांच्या चुली या कामावर पेटत होत्या.

बायको म्हणाली, "सांगून झालं दोनदा. आता काढून दाखवा."

तांबट ओशाळला. त्याला साधी रेघ सरळ यायची नाही आणि गावचा चितारी गेला होता जत्रेला. शेवटी मनाचा हिय्या करून त्याने कोळसा उचलला आणि तिघांसमोर फरशीवर बंब काढला.

तिघे पोट धरून हसले. हा बंब आहे की बसलेली म्हैस, असं तोटीवाल्याने विचारलंच. पण हसता हसता त्याने कोळसा घेऊन तोटीखाली बादली काढली. ती मावेना, म्हणून पत्रेवाल्याने बंबाचे पाय उंच केले. शेगडीवाल्याने शेगडीचं तोंड पुसून मागच्या बाजूला नेलं.

तांबट बघतच राहिला. "हे आधी का नाही बोललात?"

"तुम्ही इतकं छान सांगत होता मालक," तोटीवाला म्हणाला, "की आम्हाला वाटलं, कळलं. तिघांना तीन वेगळे बंब कळले होते."

तिसरा बंब धर्मशाळेत पोचला. बाईंनी स्वतः बादली लावून पाणी घेतलं आणि तिथल्या तिथे आणखी दोन बंब सांगितले. तांबटाने तोंड उघडण्याआधी कोळसा मागितला.

तात्पर्य: छान बोलण्याला लोक माना डोलावतात, वाकडं चित्र मात्र सगळे मिळून सरळ करतात. तेव्हा येत नसलं तरी काढावं.