चहातली झडप

"मग खोट आहे तरी कशात? तेवढं सांगा ना!"

देशकर सर चौथ्यांदा विचारत होते. निवृत्त प्राचार्य ते. एकच प्रश्न दोनदा विचारायची त्यांना सवय नव्हती.

समोर बसले होते तुळशीराम मिस्त्री. जन्मभर वाफेची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. उन्हं कलली होती, शेडमध्ये स्टोव्हवर चहाची किटली रटरटत होती आणि तिच्या वाफेत म्हातारा अर्धा दिसत होता, अर्धा नाही. जागा आहे की पेंगतोय, देव जाणे.

टेबलावर सरांनी स्वतः घडवलेलं हातभर लांबीचं वाफेचं इंजिन होतं. तीन वर्षं जीव ओतलेला त्यात. अडलं होतं ते सिलिंडरखालच्या दोन हरभऱ्याएवढ्या झडपांपाशी. थंड सिलिंडरमध्ये वाफ शिरली की तिचं पाणी होतं. ते झडप उघडून सोडलं नाही, तर दट्ट्या त्यावर आदळतो आणि सिलिंडर फुटतो. म्हणून मिस्त्री हो म्हणेपर्यंत आग पेटवायची नाही, असं ठरलं होतं.

मिस्त्रींनी सहा जोड्या परत केल्या होत्या. ही सातवी.

"बघा." सरांनी करंगळीनं दांडी फिरवली. उघडी, बंद, उघडी... "लोण्यासारखी फिरते! पोलादी अंग, आत पितळी खुंटी, केसाएवढी फट नाही. तीस वर्षं शिकवलंय मी हे."

"हो ना..." मिस्त्रींनी हात पुढे केला.

झडप उन्हात धरून त्यांनी कौतुकानं पाहिली. आणि टाकली उकळत्या चहात.

"अहो!"

वाफ सावकाश वर जात राहिली... सरांना वाटलं, लांब कुठेतरी एखादं जुनं इंजिन सुस्कारतंय.

मग मिस्त्रींनी पळीनं झडप काढली, फडक्यावर ठेवली. "फिरवा बरं, सर."

दांडी हलेना. सरांनी जोर केला, तर दांडीच वाकली.

आतलं पितळ तापून फुगलं होतं आणि पोलादात घट्ट बसलं होतं. सरांना लगेच कळलं, आणि कळलं तशी अंगाची लाहीलाही झाली.

"सहा महिने खेळवलंत मला! आधी सांगायला काय झालं होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सर."

सरांना आठवलं. तेव्हा ते हसले होते. आता तर लाज जास्त की राग जास्त, त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांनी इंजिन काखेत मारलं आणि तरातरा दाराशी गेले.

मागे बशीत चहा ओतल्याचा आवाज आला... एका बशीत, मग दुसरीत.

सर उंबऱ्यावर थांबले. पाठ मात्र तशीच.

"गार असताना सगळंच फिरतं, सर," मिस्त्री पहिल्या दिवशीसारखंच म्हणाले. "तापल्यावर फिरलं पाहिजे."